सगळ्यांना येणारं उत्तर प्रश्नातच देऊन टाका

जून लागला की कोल्हापुरात प्रश्नमंजुषांचा हंगाम सुरू होतो. २६ जूनला शाहू जयंती, पाठोपाठ शाळांचे उपक्रम, गणपतीत तालमींचे आणि मंडळांचे कार्यक्रम, नवरात्रात महिला मंडळांच्या स्पर्धा आणि थंडीत स्नेहसंमेलनं. प्रश्न काढायचं काम बहुतेक वेळा एखाद्या शिक्षकाच्या, ग्रंथपालाच्या किंवा मंडळातल्या वाचनाची आवड असणाऱ्या कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतं. हाताशी दोन दिवस असतात, मग गेल्या वर्षीची यादी निघते आणि दोन-चार प्रश्न बदलून तीच पुन्हा वाचली जाते. हा लेख त्या माणसासाठी आहे.

यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पंचगंगा कोणत्या नद्यांपासून होते? आरक्षणाचा आदेश कधी निघाला? खासबाग मैदान कुणी बांधलं? स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुणी मिळवून दिलं? अंबाबाईच्या मूर्तीवर सूर्यकिरण कोणत्या महिन्यांत पडतात? ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक कोण? चौथीतलं मूलही ही उत्तरं प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगतं. यातलं काही खोटं नाही, बिनमहत्त्वाचंही नाही. पण माहीत असलेलंच पुन्हा विचारलं की कुणाचा हात चपळ आहे एवढंच कळतं. त्याहून वाईट म्हणजे, दहापैकी दहा बरोबर आले की आपल्याला आपलं गाव पुरतं माहीत आहे असं मुलांना वाटू लागतं.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कुणालाच येणार नाही असं काहीतरी शोधणं. अमुक कमानीची उंची, तमुक दिवाणाचं पूर्ण नाव. असे प्रश्न काढू नका. सभागृह गप्प होतं, उत्तर जाहीर होतं आणि घरी जाईपर्यंत विसरलं जातं. मी सुचवतो तो मार्ग सोपा आहे. जे उत्तर सगळ्यांना येतं, ते प्रश्नाच्या पहिल्या वाक्यातच देऊन टाका आणि त्याच्या पुढचं विचारा. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ही मोठी सोय आहे, कारण पुढे न्यायला सगळे एकाच जागी उभे असतात.

किरणोत्सवाचंच घ्या. ‘अंबाबाईच्या मंदिरात परंपरेने ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोहोचतात’ हे वाक्य सरळ वाचून दाखवा. मग विचारा, वर्षातून दोनदाच का? आणि याच दोन वेळा का? मुलांच्या हातात कॅलेंडर द्या. १० नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ८३ दिवस होतात. त्यांचा मध्य काढा, तो २१-२२ डिसेंबरला येतो, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसावर. नोव्हेंबरात मावळतीचा सूर्य क्षितिजावर रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकत असतो. २१-२२ डिसेंबरला तो टोक गाठतो आणि परत फिरतो. जातानाच्या वाटेवर जिथे मावळला, तिथेच तो येतानाही मावळतो. मंदिराचा पश्चिम दरवाजा आणि गाभारा ज्या रेषेत आहेत, त्या रेषेवर तो असा दोनदा येतो. सातवीच्या मुलाला हे बोटांवर दिवस मोजून काढता येतं, पाठांतर लागत नाही.

एवढ्यावर थांबू नका, कारण या विषयात अजून बरंच आहे. महाद्वारातून आत आलेली किरणं गरुड मंडप ओलांडतात, कासव चौकातून पितळी उंबऱ्यावर येतात, मग चांदीचा उंबरा, कटांजन आणि शेवटी देवीचे चरण. तिथून किरण वर चढतात. सूर्य खाली जात असताना उजेडाचा पट्टा वर का चढतो, हा माझ्या मते कोल्हापुरात विचारता येईल असा सामान्य विज्ञानाचा फार चांगला प्रश्न आहे. उत्तर असं की सूर्य जितका क्षितिजाला टेकतो तितकी किरणं आडवी होतात, त्यामुळे ती जास्त आत जातात आणि समोरच्या वस्तूवर जास्त वर पडतात. वर्गाची पश्चिमेची खिडकी उघडून संध्याकाळी भिंतीकडे बघत बसलं तरी हे दिसतं. शेवटचा प्रश्न मोठ्यांसाठी ठेवा: तारीख बरोबर असूनही काही वर्षी किरणं मूर्तीपर्यंत का पोहोचत नाहीत? ढग आणि हवेतली धूळ ही दोन कारणं लगेच येतात. तिसरं, म्हणजे किरणांच्या वाटेत उभी राहिलेली बांधकामं, सांगायला थोडा वेळ लागतो. त्यावर सभागृहात चर्चा झाली तर होऊ द्या, वेळ गेला तरी चालेल.

नदीकडे वळूया

‘पंचगंगेच्या पाच नद्या’ हा प्रश्न आता बंदच करावा असं मला मनापासून वाटतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. ही नावं प्रश्नात देऊन टाका. प्रयाग चिखलीचा संगमही द्या. मग पावसाळ्यात ज्या गोष्टी आपण रोज कानांनी ऐकतो, त्यांचे अर्थ विचारा. जुलैत घराघरांत एक आकडा विचारला जातो: पाणी किती फुटांवर आलं? हा आकडा कुठे मोजतात? राजाराम बंधाऱ्यावर. इशारा पातळी किती? ३९ फूट. धोका पातळी? ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ते धोक्याच्या खुणेवर किमान किती चढलं होतं? बारा फूट. हे गणित भिंतीवर खुणा करून दाखवलं की पुराचा आवाका मुलाच्या मनात बसतो. पुरात घर सोडून गेलेली कुटुंबं समोर बसलेली असू शकतात, तेव्हा हा प्रश्न घाईच्या फेरीत टाकू नका. शांतपणे विचारा.

‘आज अमुक इतके बंधारे पाण्याखाली गेले’ ही बातमी दरवर्षी येते. बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे तो वाया गेला का, असं विचारून बघा. मोठी माणसंही अडखळतात. हा बंधारा पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला असतो. नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब ओळीने उभे असतात. खांबांच्या बाजूंना उभ्या खाचा असतात. पावसाळा संपला, नदी ओसरली की या खाचांतून बर्गे सोडतात, म्हणजे लाकडी किंवा लोखंडी फळ्या एकावर एक बसवतात. पाणी अडतं आणि त्यावर ऊस पिकतो. मेच्या शेवटी, जूनच्या तोंडाला बर्गे काढून घेतात. पुराचं पाणी खांबांमधून आणि वरून निघून जातं, गाळही वाहून जातो. बर्गे वेळेवर काढले नाहीत तर झाडं-झुडपं अडकतात आणि पाणी मागे फुगतं. म्हणून जूनमध्ये गावोगावी ‘बर्गे काढले का?’ ही विचारणा होते. ही रचना इतकी सोयीची ठरली की राज्याच्या पाटबंधारे खात्यात अशा बंधाऱ्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात के. टी. वेअर म्हणून जो बंधारा ओळखला जातो तो हाच. आपल्या शहराचं नाव चपलेइतकंच या बंधाऱ्यावरही आहे. तरी माझ्या पाहण्यात हा प्रश्न कुठल्या यादीत येत नाही.

राधानगरीबद्दलही असंच. धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं हे सांगून टाका. विचारायचं ते त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांबद्दल: भर पावसात रात्री दोन वाजता दरवाजा उघडतो तेव्हा तो कोण उघडतं? कुणीच नाही. तलाव पूर्ण पातळीला भरला की पाण्याच्या जोरावर दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. बातमीत प्रत्येक दरवाजामागे १,४२८ क्युसेक विसर्ग सांगतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. यावरून तोंडी गणित करायला लावा: तीन दरवाजे उघडले तर सेकंदाला किती?

शाहू महाराजांवरचे प्रश्न

इथे जरा जास्त जबाबदारीने वागायला हवं. शाहू जयंतीला तारखांचा मारा होतो आणि माणूस हरवतो. २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के आरक्षणाचा आदेश निघाला, हे आता सगळ्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आहे. ते वाचून दाखवा आणि विचारा, त्या दिवशी महाराज कुठे होते? इंग्लंडला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेले होते. पुढे विचारा, आदेश नुसता कागदावर राहू नये म्हणून त्यातच काय व्यवस्था केली होती? खातेप्रमुखांनी नव्या नेमणुकांची माहिती दर तीन महिन्यांनी कळवायची होती. हा तपशील ज्या मुलाला कळला, त्याला राज्यकारभार म्हणजे काय हे थोडं कळलं.

क्रम लावायला सांगणं हा चांगला प्रकार आहे. चार चिठ्ठ्या द्या: आरक्षणाचा आदेश, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, माणगावची परिषद, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. बोर्डिंग १९०१, आदेश १९०२, शिक्षणाचा कायदा १९१७, परिषद २१-२२ मार्च १९२०. क्रम लागल्यावर खरा प्रश्न विचारा: बोर्डिंग आधी आणि नोकऱ्या नंतर, असं का झालं असेल? खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला आणि जेवायला जागाच नसेल, तर राखीव जागेवर बसायला शिकलेला माणूस यायचा कुठून? हे उत्तर दहावीतल्या मुलीने स्वतःच्या शब्दांत दिलं, तर तिला पाचऐवजी दहा गुण द्या. गुणांचा तक्ता आपल्याच हातात असतो.

एक सावधगिरी. महाराजांच्या जन्माची तारीख जुन्या पुस्तकांत २६ जुलै १८७४ अशी सापडते. आज मान्य असलेली आणि शासनाने सामाजिक न्याय दिन म्हणून धरलेली तारीख २६ जून आहे. जुनं पुस्तक घेऊन आलेल्या स्पर्धकाला चूक म्हणून खाली बसवण्याआधी हे परीक्षकांना ठाऊक असायला हवं. आरक्षणाच्या आदेशाची तारीखही २६ जुलै असल्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

‘पहिला’ शब्द आला की थांबा

यादीतल्या निम्म्या प्रश्नांत ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘एकमेव’ असे शब्द असतात आणि वादही बहुतेक याच शब्दांवरून होतात. खाशाबा जाधव यांचं १९५२च्या हेलसिंकीतलं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. यातला ‘स्वतंत्र’ गाळला की नॉर्मन प्रिचर्ड यांची १९००च्या पॅरिसमधली दोन रौप्यपदकं घेऊन कुणीतरी उभं राहतं आणि त्याचं बरोबर असतं. शिवाय खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, त्यामुळे ‘कोल्हापूरचे’ म्हणताना नीट बोला. ते इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट कोल्हापूर आजही सांगतं. प्रश्न असा करता येईल: १९५२नंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक किती वर्षांनी मिळालं आणि तो कोणत्या तालुक्यातला? ७२ वर्षांनी, २०२४ला, पुन्हा पॅरिसमध्ये. स्वप्नील कुसाळे, कांबळवाडी, तालुका राधानगरी. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. कुस्तीच्या पंढरीतून एवढे नेमबाज कसे निघाले, यावर मुलांना घरून लिहून आणायला सांगा.

सिनेमाचंही तसंच. दादासाहेब फाळके आणि १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना येतात. ‘प्रभात’ म्हटलं की सगळे पुणे म्हणतात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ला पुण्याला गेली. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट तिने कोल्हापुरात असतानाच काढला. त्याआधी बाबूराव पेंटर यांनी इथेच तयार केलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ चित्रित केला, तो १९२०चा. या कॅमेऱ्याच्या खटपटीत त्यांच्याबरोबर असलेले आनंदराव पेंटर तो पुरा होण्याआधीच वारले. बाबूरावांचं नाव सगळ्यांना येतं, म्हणून प्रश्न आनंदरावांवर काढा.

चप्पल, तांबडा-पांढरा, साज यांवर फार वेळ घालवू नका. चपलेवर विचारायचंच तर हे विचारा: २०१९ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते किती जिल्ह्यांना मिळून? आठ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हे ऐकून सभागृहात कुजबुज होते. ती होऊ द्यावी, कारण सीमेपलीकडचे कारागीरही आपलेच आहेत.

दोन गोष्टी मात्र मी कुठल्याही कोल्हापूरच्या प्रश्नमंजुषेत घेईन. पहिली टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४च्या सुमारास जुन्या वस्तू सापडल्या. त्यांत कांस्याची एक छोटी मूर्ती होती, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, तो कसा आला? रोमन साम्राज्याशी चाललेला व्यापार, कोकणातली बंदरं, घाटवाटा, सातवाहनांच्या काळातली गावं, हे सगळं या एका प्रश्नात येतं. दुसरी गोष्ट इटलीत आहे. राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते छत्रपती राजाराम महाराज युरोपहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. अंत्यसंस्कार आर्नो नदीकाठी, मुन्योने नदीच्या संगमाजवळ झाले. तिथल्या कॅशिने बागेत त्यांचं स्मारक आहे आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक त्या भारतीयाच्या नावाने ओळखतात. राजारामपुरीचे राजाराम महाराज वेगळे, ते शाहू महाराजांचे चिरंजीव. दोघांत गल्लत होते, म्हणून परीक्षकांच्या कागदावर हे लिहून ठेवा.

पडताळणी

मोबाईलवर आलेला मजकूर तीन ठिकाणी सारखा दिसला म्हणजे तो तीनदा तपासला गेला असं नाही. बहुतेक वेळा एकाचंच तिघांनी उचललेलं असतं. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ, हे पिढ्यान्‌पिढ्या विचारलं जातं. कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर झालेला नाही, असं केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने २०१२ला माहिती अधिकारात कळवलं. चीनची भिंत अंतराळातून नुसत्या डोळ्यांनी दिसते म्हणतात. चीनचाच अंतराळवीर यांग लिवेई २००३ला वर जाऊन आला आणि आपल्याला ती दिसली नाही, असं त्याने सांगितलं. असे प्रश्न यादीत असतील तर आजच काढून टाका.

कोल्हापूरवरचं काही तपासायचं तर जागांची वाण नाही. १८५०पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, शाहू महाराजांसाठी डॉ. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेला स्मारक ग्रंथ आहे. प्रत्येक प्रश्नापुढे पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक पेन्सिलीने लिहा. वाद झाला की कागद पुढे करता येतो, आवाज चढवावा लागत नाही.

थोडं मांडणीचं. बझरची एकच फेरी ठेवा, तीही छोटी. बाकीच्या फेऱ्यांत संघाला एक मिनिट द्या, आपापसांत बोलू द्या. लहान गटाला चित्र किंवा वस्तू दाखवा: बर्गा दाखवा, खिळा न मारता वादीने शिवलेली चप्पल हातात द्या. प्रेक्षकांत आजी-आजोबा असतील तर एक प्रश्न त्यांच्यासाठी राखून ठेवा, उदाहरणार्थ केशवराव भोसले नाट्यगृहात पाहिलेलं पहिलं नाटक कोणतं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. तिथल्या आठवणी सांगणारी माणसं आज समोर आहेत, त्यांना बोलतं करा. उत्तर जाहीर करताना नुसतं ‘बरोबर’ म्हणून पुढे पळू नका, दोन वाक्यांत कारण सांगा. त्या दोन वाक्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे.

यंदाची यादी हाती आली की ती घरातल्या शाळकरी मुलाला वाचून दाखवा. ज्या प्रश्नाचं उत्तर ते झटकन देईल, त्यावर फुली मारू नका. ते उत्तर प्रश्नात लिहून घ्या आणि ‘का’, ‘कसं’, ‘मग पुढे काय झालं’ यांपैकी एक त्याच्यापुढे जोडा. आणि स्पर्धेच्या आधी एका दुपारी संघातल्या मुलांना टाऊन हॉलला घेऊन जा. पोसायडन तिथेच आहे.